एव्हरेस्ट झालं, पुढं काय?

ध्येय गाठून झालेल्या माणसाविषयी कुणी फारसं लिहीत नाही. बहुतेक चरित्रं शिखराशी येऊन थांबतात. नायक वर पोचतो, झेंडा फडकतो, प्रकरण संपतं आणि वाचक दिवा मालवून समाधानानं झोपतो. नायकाला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी उठून दाढी करायची असते, हे चरित्रकाराच्या ध्यानीमनीही नसतं. आपलंच पाहा ना. अटकेपार झेंडे लावल्याचं आपण 1758 सालापासून सांगत आलो आहोत; पण त्या मोहिमेहून राघोबादादा परतले ते कर्जाचा बोजा घेऊन, हा मजकूर काही कुणी डफावर थाप मारून सांगत नाही.

तुमची-आमची ध्येयं बेताची. नोकरी, लग्न, दोन खोल्यांचा ब्लॉक, फ्रिज. फ्रिज घरात आला की पहिले चार दिवस आपण उगाचच दार उघडून आतला दिवा लागतो का ते पाहतो. पाचव्या दिवशी शेजारच्यांचा दोन दारांचा फ्रिज दिसतो. मग घरातली वडीलधारी मंडळी आपल्याला हावरटपणाबद्दल चार शब्द ऐकवतात. अशा वेळी वडीलधाऱ्यांच्या हाती एडमंड हिलरीचं आत्मकथन द्यावं, असं माझं मत आहे.

29 मे 1953. सकाळचे साडेअकरा. जगाच्या माथ्यावर दोन माणसं उभी. एक न्यूझीलंडचा मधमाश्या पाळणारा, वय तेहतीस. दुसरा तेनसिंग नोर्गे, 1935 पासून या डोंगराच्या मागं लागलेला. हिलरीनं साहेबी रिवाजाला जागून हस्तांदोलनासाठी हात पुढं केला. तेनसिंगला तेवढ्यावर कुठलं भागतंय! त्यानं सरळ मिठी मारली आणि गड्याची पाठ बडवून काढली. मग बर्फात खळगा करून बिस्किटं, चॉकलेटं, गोळ्या असा नैवेद्य ठेवला आणि लेकीनं दिलेली पेन्सिलही ठेवली. हिलरीनं त्याचा फोटो काढला. हिलरीचा मात्र शिखरावरचा एकही फोटो नाही. आपल्याकडं सिंहगडावर जाऊन पिठलं-भाकरी खाल्ली तरी बारा फोटो निघतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता ऐका. पुरावा म्हणून चारी बाजूंचे फोटो काढता काढता या गृहस्थाची नजर मकालूवर गेली. मकालू हे जगातलं पाचव्या क्रमांकाचं शिखर. तोवर त्यावर कुणी चढलेलं नव्हतं. आणि हा पठ्ठ्या एव्हरेस्टच्या माथ्यावर उभा राहून, ऑक्सिजन मोजून घेत असताना, मकालूवर कुठल्या वाटेनं चढता येईल याचा मनात हिशेब करू लागला! त्यानं स्वतःच हे लिहून ठेवलंय. अहो, शिखरावर मुक्काम अवघा पंधरा मिनिटांचा. त्यातलीही काही मिनिटं शेजारच्या डोंगरावर खर्ची पडली. फ्रिजवाल्यांना याहून भारी साक्षीदार कुठून मिळणार?

यापुढची कथा फारशी कुणी सांगत नाही, आणि मला तीच जास्त रसाळ वाटते. खाली येताना वाटेतच एक पत्र हातात पडलं. पाकिटावर ‘सर एडमंड’. इंग्लंडच्या राणीनं याला न विचारताच सरदारकी देऊन टाकली होती. त्याच्या डोळ्यांपुढं पहिलं चित्र उभं राहिलं ते असं, की फाटक्या, मळक्या कामाच्या कपड्यांत आपण गावच्या रस्त्यानं चाललोय. सर झालो, आता नवे कपडे शिवणं आलं. मध्यमवर्ग न्यूझीलंडातही असतो तो असा. सरदारकी मिळाल्याचा आनंद मागाहून, कापडाचा खर्च आधी.

त्यानंतर लग्न. जगातलं सर्वांत उंच शिखर चढलेल्या या माणसाला लुईझ नावाच्या मुलीला ‘माझ्याशी लग्न करशील का’ एवढं विचारायचा धीर होईना. शेवटी मुलीच्या आईनंच पुढाकार घेतला आणि लेकीला फोन करून विचारलं. म्हणजे मध्यस्थी खुद्द होणाऱ्या सासूबाईंची! तीन सप्टेंबरला, एव्हरेस्टनंतर जेमतेम तीन महिन्यांनी, लग्न लागलं.

लग्न झालं तरी मकालू मनातून जाईना. 1954 साली तो त्याच भागात गेला. एक सोबती बर्फाच्या भेगेत कोसळला. त्याला वर काढायच्या धडपडीत हिलरीच्या बरगड्या मोडल्या. तरी पुढं गेला, तर उंचावर आजारी पडून असा कोसळला की लोकांनी उचलून खाली आणला. 1955 साली फ्रेंच मंडळी येऊन मकालूवर चढूनही गेली. 1961 साली याला पुन्हा हुक्की आली, तेव्हा मेंदूवर परिणाम होऊन अर्ध्यातून उतरावं लागलं. एव्हरेस्टवरून ज्या डोंगराचा बेत आखला तो डोंगर जन्मात चढायला मिळाला नाही तो नाहीच.

मधल्या काळात दक्षिण ध्रुवाचा उद्योग. विव्हियन फुक्स नावाचा इंग्रज अंटार्क्टिका खंड आडवं ओलांडणार होता. हिलरीचं काम काय, तर पलीकडच्या बाजूनं येऊन त्याच्यासाठी वाटेत अन्नाचे आणि इंधनाचे साठे ठेवायचे. लग्नघरी वाढप्याचं असतं ना, तसं. पण वाढपीच श्रीखंडावर बसला. साठे ठेवून झाल्यावर परत फिरायचं सोडून हा फर्ग्युसन ट्रॅक्टर हाकत (पुणेकरांनी दचकू नये, हे शेतातले साधे ट्रॅक्टर) 4 जानेवारी 1958 रोजी ध्रुवावर हजर! फुक्स 19 तारखेला पोचला. जमिनीवरून तिथं जाणारी अमुंडसेन आणि स्कॉट यांच्यानंतरची ही तिसरी तुकडी. वर्तमानपत्रांनी बरीच चहाटळकी केली. मला विचाराल तर फुक्सची बाजू न्यायाची होती.

इथवर गोष्ट ओळखीची आहे. एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. हे असंच चालतं तर हिलरी हा एक उंच फ्रिजवाला ठरता आणि मी हा लेख लिहिता ना.

1960 साली तो यती शोधायला हिमालयात आला. यती काही सापडला नाही. खुमजुंग गावात यतीच्या डोक्याची म्हणून जपलेली एक केसाळ टोपी होती, ती गावच्या पुढाऱ्यासकट शिकागो, पॅरिस, लंडन अशी फिरवून आणली. तज्ज्ञांनी सांगितलं, हे सेरो नावाच्या डोंगरी जनावराचं कातडं. टोपी परत गेली. पण याच मोहिमेत एके रात्री शेकोटीभोवती बसले असताना हिलरीनं आपल्या शेर्पा सोबत्यांना विचारलं, तुमच्या गावासाठी एकच गोष्ट करायची झाली तर काय करू? उर्कियन नावाचा शेर्पा म्हणाला, आमच्या पोरांसाठी शाळा हवी.

सात वर्षं हा माणूस ‘आता मी काय करू’ हे स्वतःलाच विचारत हिंडत होता. दुसऱ्याला विचारल्याबरोबर एका वाक्यात उत्तर मिळालं. 1961 साली खुमजुंगला शाळा उघडली. तिथल्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी एक जण पुढं एव्हरेस्टभोवतालच्या राष्ट्रीय उद्यानाचा प्रमुख झाला. शाळेमागून पूल आले, दवाखाने आले, 1966 साली खुंडेचं हॉस्पिटल आलं. सामान न्यायला 1964 साली लुकलाला विमानाची धावपट्टी केली. जमीन भुसभुशीत होती, रोलर कुठून आणणार? शेर्पांना छांग पाजली, हातात हात गुंफून रांगेनं नाचायला लावलं आणि पायांनी जमीन ठोकून घेतली. लेझीमवाल्यांनी हे वाचून रस्ते-खात्याकडं अर्ज करायला हरकत नाही. त्या धावपट्टीवरून पुढं हौशी गिर्यारोहकांच्या झुंडी उतरल्या, ही गोष्ट वेगळी.

31 मार्च 1975 रोजी तो फापलूला असंच एक हॉस्पिटल बांधत होता. त्याच्याकडं यायला निघालेलं छोटं विमान काठमांडूहून उडताच कोसळलं. लुईझ गेली, आणि सोळा वर्षांची लेक बेलिंडा गेली. माणसाच्या मनातलं ‘आणखी हवं’ इथं मुळापासून उपटलं जावं. पुढची वर्षं काळोखात गेली, हे त्यानं लपवलं नाही. फापलूचं हॉस्पिटल मात्र उभं राहिलं.

1977 साली तो जेटबोटी घेऊन गंगासागरहून गंगेत शिरला आणि उगमाकडं निघाला. मुलगा पीटर बरोबर. काठाकाठावर माणसांचे थवे लोटत होते; लोक फुलं घेऊन येत होते. नंदप्रयागच्या धबधब्यानं बोटी अडवल्या. मग पायी बद्रीनाथ आणि त्याही वर. तिथं अठ्ठावन्नाव्या वर्षी विरळ हवेनं गाठलं आणि त्याला हेलिकॉप्टरमधून खाली आणावं लागलं. मकालूची सवय, दुसरं काय! 1985 साली तो न्यूझीलंडचा हायकमिशनर होऊन दिल्लीला राहायला आला. त्याच साली नील आर्मस्ट्राँगला घेऊन उत्तर ध्रुवावर चक्कर मारून आला. एक एव्हरेस्टवाला, एक चंद्रवाला. बर्फात बसून एकमेकांना काय सांगितलं असेल कोण जाणे.

तेनसिंगचा प्रश्न वेगळा होता. त्याच्या लेखी डोंगर चढणं म्हणजे आधी पोटाचा धंदा. तो 1954 पासून दार्जिलिंगच्या संस्थेत पोरांना गिर्यारोहण शिकवत राहिला. स्वतःच्या पोरांना मात्र त्यानं शाळेत घातलं. तुम्हाला चढावं लागू नये म्हणूनच मी चढलो, असं तो मुलाला सांगे. आपल्याकडंही जन्मभर खर्डेघाशी केलेले वडील हेच सांगत आले. 1986 साली तेनसिंग गेला. 1990 साली हिलरीच्या मुलानं एव्हरेस्टच्या माथ्यावरून वडिलांना न्यूझीलंडला फोन लावला. 1996 साली तेनसिंगचा मुलगा जामलिंगही चढला. बापाचं ऐकलं नाहीच.

हिलरी 11 जानेवारी 2008 रोजी अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी वारला. एव्हरेस्टवर पंधरा मिनिटं आणि त्यानंतर साडेचोपन्न वर्षं. त्याची रक्षा ऑकलंडजवळच्या समुद्रात सोडली, तशीच त्याची इच्छा होती. थोडी मागं ठेवली होती, ती 2010 साली एव्हरेस्टच्या माथ्यावर न्यायचा बेत झाला. लामा नको म्हणाले. ती खालीच, शेर्पांच्या मुलखात राहिली.