आत्मीयता (नाशिक जिल्हा)

गावातल्याच स्वयंसेवकांनी चालवलेला मानसिक आरोग्याचा उपक्रम. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने तो २०१३ ते २०१५ या काळात नाशिक जिल्ह्यातील ४१ गावांत प्रथम राबवला.

राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. नाशिक जिल्ह्यात एकही नाही. रोज बुडवून, एसटीचे भाडे खर्चून रुग्णाला तिथवर नेईपर्यंत आजार बराच बळावलेला असतो. उदासी, उडालेली झोप, सततची धास्ती यांसाठी कोणी घरातून निघत नाही. या दुखण्यांचीच दखल हा उपक्रम घेतो.

स्वयंसेवकांचे स्तर दोन. ‘मित्र’ गावात वावरताना खचलेली माणसे हेरतात. ‘चॅम्पियन’ म्हणजे माजी शिक्षक, बचत गटाची प्रमुख अशी गावाच्या विश्वासातली व्यक्ती. ती घरी जाऊन चार-सहा भेटींत समुपदेशन करते: पूर्ण ऐकून घेणे, सुटलेली कामे हळूहळू पुन्हा सुरू करायला लावणे, अडचणीची फोड करून वाट काढणे. घरातली भांडणे, दारू, बेकारी यांवरच्या छोट्या फिल्म मोबाइलवर दाखवल्या जातात. आजार तीव्र असेल वा आत्महत्येचा धोका दिसला, तर सरकारी दवाखाना गाठला जातो.

सरकारी योजनांचा लाभ मिळवून देणे हेही याच कामात धरले आहे, आणि उपक्रमाचे खरे वेगळेपण इथेच आहे. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसिलीत अडकलेल्या विधवेची काळजी नुसत्या गोळीने कशी सरणार?

पुढे २०१७ पासून गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात उपक्रम मोठ्या प्रमाणावर सुरू झाला. तिथल्या चाचणीत तीन महिन्यांनी दिसलेली सुधारणा आठ महिन्यांनंतरही टिकलेली आढळली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या सामुदायिक मानसिक आरोग्य मार्गदर्शिकेत ‘आत्मीयता’चा समावेश केला. भारतात २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजार असलेल्यांचा समाजात राहण्याचा हक्क मान्य केला आहे. ‘आत्मीयता’ राबवणाऱ्या केंद्राचे संचालक, मनोविकारतज्ज्ञ डॉ. सौमित्र पाठारे यांचा त्या कायद्याच्या मसुद्यात सहभाग होता.

स्किझोफ्रेनियासारख्या आजारात मात्र औषधे व तज्ज्ञ लागतातच. चॅम्पियन आणि मित्र पगारी नसतात. त्यांच्या सेवाभावाकडे बोट दाखवून जिल्ह्यातील मनोविकारतज्ज्ञांची पदे रिकामी ठेवणे हा रुग्णांवर अन्याय होईल.