खुराक, खासबाग आणि डब्यातली पावडर

मंडळी, आजचा विषय खुराक! आमच्या ऑफिसातला निम्मा जिम-कंपू हल्ली शेकर घेऊन फिरतो. त्यातल्या एकाने विचारलं, "तुमच्या कोल्हापूरचे पैलवान पावडरीशिवाय तयार कसे झाले रे?" प्रश्न चांगला आहे, म्हणून थोडा इतिहास.

शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले आणि त्यांनी कुस्तीला राजाश्रय दिला. तालमींना मदत केली, पंजाबातले मल्ल बोलावले, १९१२ साली खासबाग मैदान उभं केलं. पण कुस्तीतला खरा खर्च मैदानाचा नसतो, पैलवानाच्या पोटाचा असतो. दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण... रोज, वर्षानुवर्षं. आश्रयाला असलेल्या मल्लांचा हा भार दरबार उचलायचा.

१९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि खुराकाचा भार बऱ्याच अंशी घरावर आला. १९५२ साली खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत ब्राँझ मिळवलं, तेही लोकवर्गणीवर. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डीकरांनी त्यासाठी घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले होते. १९५९ साली शाहूपुरी तालमीचे श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले.

आता जरा आकडेमोड (सवय, दुसरं काय! :-)). २०१८ साली ४९ प्रयोग आणि १,८६३ माणसांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. व्यायामाने जे कमावलं, त्यात जादा प्रोटीनने सरासरी भर पडली ती फक्त ३०० ग्रॅमची. बाकी सगळी कमाई मेहनतीची. शिवाय रोज किलोमागे साधारण १.६ ग्रॅमच्या वर प्रोटीन खाऊन स्नायू आणखी वाढल्याचं दिसलं नाही. म्हणजे ७० किलोच्या गड्याला ११२ ग्रॅम पुरे. म्हशीच्या लिटरभर दुधात ३५ ते ४० ग्रॅम असतं. दोन लिटर दूध, मूठभर बदाम, वर डाळ-भाकरी आणि अंडी, की झालं काम! गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्याला हा हिशोब कुणी शिकवला नव्हता, पण गणित बरोबर जमलं होतं.

आणि व्हे म्हणजे तरी काय? दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्यातलं प्रोटीन. दुधाचाच भाऊबंद! क्रिएटिनचं प्रकरण थोडं वेगळं. रोज ३ ते ५ ग्रॅम घेतलं तर ताकदीत थोडी भर पडते, हे बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. अर्धा किलो कच्च्या मटणात ते जेमतेम दोन ग्रॅम असतं, त्यामुळे इथे पावडर सोयीची, हे मान्य.

असो. मुद्दा पैशाचा आहे. आपल्यासारख्या पगारदाराला एक डबा म्हणजे वीकेंडचा खर्च. पण तालमीत पोरगं ठेवलेल्या शेतकऱ्याला तोच डबा म्हणजे काही आठवड्यांचं दूध. त्यात भेसळ निघाली आणि बंदी असलेलं काही पोटात गेलं, तर नियमानुसार जबाबदारी खेळाडूचीच. कारकीर्द संपू शकते. म्हणून अशा घराला कुणी सल्ला देत असेल, तर आधी दूध, अंडी, डाळ आणि झोप सांगावी. डबा सगळ्यात शेवटी.

शाहू महाराजांना हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं: पैलवान घडवायचा तर आधी त्याच्या ताटाची सोय करावी लागते.