येनाची काच, क्रास्नोगोर्स्कचे नाव

हाताने फोकस करायच्या जुन्या लेन्स जमवण्याचा नाद ज्यांना लागतो, त्यांच्यापैकी पुष्कळांची सुरुवात एकाच लेन्सने होते: सोव्हिएत बनावटीची हेलिओस-४४. ५८ मिलिमीटर, एफ/२. धातूचा जड देह, घट्ट वंगणातून सरकणारे कडे, पुढच्या पट्टीवर सिरिलिक किंवा रोमन अक्षरांत कोरलेले नाव. ती स्वस्त मिळते, कारण झेनिट कॅमेऱ्यांबरोबर ती लाखोंनी बनली आणि झेनिट देशोदेशी गेला. पण आज तिला मागणी आहे ती तिच्या भोवऱ्यामुळे. झाडीसमोर माणूस उभा करून छिद्र पूर्ण उघडे ठेवून छायाचित्र काढले, तर मागची पाने त्याच्याभोवती गरगर फिरल्यासारखी दिसतात. हौशी लोक याला रशियन लेन्सचा स्वभाव म्हणतात. स्वभाव असेल, पण तो रशियन नव्हे.

ही लेन्स जन्मली जर्मनीतल्या येना शहरात, झाइसच्या कारखान्यात, आणि तेव्हा तिचे नाव बायोटार होते. आरेखक विली मर्टे. ड्रेस्डेनच्या इहागे कंपनीचा किने एक्झाक्टा हा आरशाचा, ३५ मिलिमीटर फिल्मचा कॅमेरा १९३६ मध्ये आला, त्याच्यासाठी ही रचना होती. ५० सोडून ५८ हा अवघड आकडा का, याचे उत्तर त्या आरशात आहे. वरखाली होणाऱ्या आरशाला लेन्सच्या मागे मोकळी जागा लागते, आणि त्या काळच्या हिशेबात एफ/२ इतकी उजळ लेन्स ५० मिलिमीटरमध्ये बसवून तेवढी जागा सोडणे जमत नव्हते. मग नाभ्यंतर थोडे वाढवले. सहा काचा, चार गट; मुळात ही १८९६ च्या पॉल रुडॉल्फ यांच्या प्लानारचीच वंशावळ.

प्लानार फार काळ मागे पडली होती, कारण काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर साधारण चार-पाच टक्के प्रकाश उलट फिरतो. चार गटांच्या लेन्सला अशा आठ सीमा असतात. म्हणजे तीसेक टक्के प्रकाश वाटेतच हरवायचा, आणि त्यातला काही चित्रावर धुके होऊन पसरायचा. झाइसमधल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये काचेवर अतिशय पातळ थर चढवून हे परावर्तन घटवण्याची रीत काढली. आज प्रत्येक लेन्सवर दिसणारी निळी-जांभळी झाक त्या रीतीचीच संतती. दुर्बिणी आणि तोफांच्या नेमदर्शकांना तिचा उपयोग उघड होता, म्हणून ती लष्करी गुपित म्हणून राखली गेली. स्माकुला स्वतः मूळचे युक्रेनियन खेड्यातले. युद्धानंतर ते अमेरिकेत गेले आणि पुढे एमआयटीत प्राध्यापक झाले.

भोवऱ्याबद्दल एक सांगायला हवे. चौकटीच्या कडेला तिरपे येणारे किरण लेन्सच्या पुढच्या-मागच्या कड्यांना अडतात, त्यामुळे अस्पष्ट ठिपके गोल न राहता लिंबाच्या फोडीसारखे होतात आणि केंद्राभोवती रांग धरतात. त्यात कडेचे दृष्टिवैषम्य भर घालते. ज्याने ही रचना कागदावर मोजली त्याच्या लेखी हा दोषच होता, शक्य तेवढा दाबलेला. आज लोक नेमक्या त्याच दोषाचे पैसे मोजतात.

१३ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकी सैन्य येनात शिरले. पण वाटाघाटींत हा प्रदेश सोव्हिएत वाट्याला गेला होता, तेव्हा हातात अडीच महिनेच होते. जून संपता संपता अमेरिकनांनी झाइसचे निवडक शास्त्रज्ञ आणि व्यवस्थापक, शेजारच्या शॉट काचकारखान्यातले ४१ जण, सोबत कागदपत्रे असे सगळे ट्रकमध्ये घालून पश्चिमेकडे नेले. यातूनच १९४६ मध्ये ओबरकोखेनला नवा कारखाना उभा राहिला. बायोटारचे मर्टेही अमेरिकनांकडे गेले आणि १९४८ मध्ये वारले. १ जुलै १९४५ ला सोव्हिएत सैन्य आले तेव्हा कारखाना, यंत्रे, आराखडे आणि उरलेले लोक जागेवर होते.

त्यांचीही पाळी पुढच्या वर्षी आली. २२ ऑक्टोबर १९४६ च्या पहाटे सोव्हिएत भागातल्या जर्मन तज्ज्ञांची दारे वाजली. सामान बांधा, बायकामुले घ्या, गाडी तयार आहे. त्या एका मोहिमेत विमाने, अग्निबाण, प्रकाशयंत्रे अशा नाना क्षेत्रांतले अडीच हजारांच्या आसपास तज्ज्ञ पूर्वेला गेले; झाइसचे लोक त्यांत होते. पाठोपाठ येनातली बहुतेक यंत्रे उपटून आगगाड्यांत चढली. गेलेल्यांपैकी बरेच जण पन्नाशीच्या दशकात परतले.

याला चोरी म्हणावे का? लेन्सप्रेमी मंडळी हा शब्द फार सहज वापरतात, मला तो पुरेसा वाटत नाही. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमधला मूळ प्रकाशयंत्रांचा कारखाना १९४१ मध्ये जर्मन फौजा जवळ आल्या म्हणून उचलून सायबेरियातल्या नोव्होसिबिर्स्कला हलवावा लागला होता. रिकाम्या इमारतींत १९४२ मध्ये नवा कारखाना सुरू झाला. हेलिओस पुढे तिथेच बनली. आणि येनाच्या ज्या कारखान्याबद्दल हळहळ व्यक्त होते, त्यात युद्धाच्या वर्षांत हजारो परदेशी सक्तमजूर राबत होते. भरपाई मागायला कारण होते. पण भरपाईत यंत्र नेणे वेगळे आणि माणूस नेणे वेगळे, आणि ते दोन्ही सैन्यांनी केले. एकाने निघता निघता, दुसऱ्याने पहाटे दार वाजवून.

क्रास्नोगोर्स्कला बायोटार प्रथम आपल्या जुन्या नावाची आद्याक्षरे घेऊन आली. हळूहळू सोव्हिएत काचेच्या अपवर्तनांकानुसार वक्रता पुन्हा मोजल्या गेल्या. १९५८ मध्ये स्टार्ट नावाच्या कॅमेऱ्यावर ती हेलिओस-४४ म्हणून अवतरली. हेलिओस म्हणजे ग्रीकांचा सूर्यदेव. जर्मन मूळ पुसायला चांगले नाव. सोनारची ज्युपिटर झाली, तीही अशीच. पुढे मिन्स्क आणि वाल्दाई इथेही हेलिओस बनू लागली, म्हणून जमवणारा आधी कारखान्याची खूण पाहतो: प्रकाशकिरण भेदून जाणारा लोलक म्हणजे क्रास्नोगोर्स्क.

नावाचा तंटा खुद्द जर्मनीतही मिटला नाही. पूर्वेची येना आणि पश्चिमेचे ओबरकोखेन, दोघेही झाइस. वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या चालल्या, १९७१ मध्ये लंडनला कोणी कुठल्या देशात कोणते नाव वापरायचे याचा करार झाला. म्हणून काही पूर्व जर्मन लेन्सवर कंपनीचे नाव नसते, टेसारऐवजी नुसते ‘टी’ असते आणि पुढे ‘येनाहून’ एवढेच जर्मन शब्द. सासरच्या धाकाने नवऱ्याचे नाव न घेणाऱ्या सुनेची आठवण व्हावी, असा हा प्रकार.

हेलिओस-४४-२ वापरायची तर दोन कडी समजून घ्यावी लागतात. एकावर छिद्राचा आकडा आधी लावून ठेवायचा, दुसरे पूर्ण उघडून फोकस करायचा आणि कळ दाबण्यापूर्वी ते आकड्याला टेकेपर्यंत फिरवायचे. मागे ४२ मिलिमीटर व्यासाचा आटा. हा आटा १९४९ मध्ये ड्रेस्डेनच्या कॉन्टॅक्स एस कॅमेऱ्याने रूढ केला, जपानच्या असाहीने तो पेंटॅक्ससाठी घेतला, आणि एका आट्यावर अनेक देशांच्या लेन्स चालू लागल्या. १९८५ नंतर आपोआप फोकस करणारे कॅमेरे पसरले तेव्हा हा सगळा पसारा कपाटात गेला. आपल्या दमट हवेत कपाट म्हणजे बुरशी. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसू लागतात आणि वेळीच पुसले नाहीत तर ते स्माकुलांचा थर कोरून काढतात. मुंबई, कोलकाता किंवा कोचीत जुनी लेन्स घेताना ती विजेरीसमोर धरून आरपार पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

कपाटे उघडली २००८ नंतर. आरसा नसलेले डिजिटल कॅमेरे आले. जुन्या आट्याच्या लेन्सला फिल्मपासून ४५.४६ मिलिमीटर अंतर हवे असते. सोनीच्या नव्या कॅमेऱ्यांत ते अवघे १८ आहे. मधली जागा एका पोकळ नळीने भरली की कोणतीही जुनी लेन्स बसते. निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यात हेच अंतर ४६.५ असल्याने तिथे साध्या कड्यावर दूरचा डोंगर कधीच स्पष्ट होत नसे. मिलिमीटरभराचा फरक!

कीव्हमधली आयर्नग्लास ही कंपनी आता सोव्हिएत लेन्सच्या काचा काढून सिनेकॅमेऱ्यासाठी नव्या धातूदेहात बसवते. ‘ड्यून: पार्ट टू’ (२०२४) या चित्रपटाच्या चित्रीकरणात अशा लेन्स वापरल्या गेल्या. कीव्हच्याच आर्सेनाल कारखान्यात युद्धानंतर, जर्मनीतून आणलेल्या यंत्रांवर, कॉन्टॅक्स कॅमेरा ‘कीव्ह’ या नावाने बनू लागला होता.