जुन्या घराचे कौलारू छप्पर बदलताना

बेळगाव शहरातील जुन्या गल्ल्या, शहापूर, वडगाव, अनगोळ आणि खानापूर तालुका या भागांत वडिलोपार्जित घरांवर आजही मंगळुरी कौलांची छपरे आहेत. पावसाळ्यात माजघरात चार ठिकाणी भांडी मांडायची वेळ आली की घरात एकच सूर लागतो, "आता हे उतरवून स्लॅब टाकूया." आमच्या मते त्याआधी छपराचा नेमका कोणता भाग थकला आहे ते पाहावे. पुष्कळ घरांत कौले शाबूत असतात, खालचे लाकूड गेलेले असते. काही घरांत तर लाकूडही ठीक असते, फक्त कित्येक वर्षांत शाकारणी झालेली नसते.

पाहणी कोरड्या दिवसांत करावी. गल्लीत थोडे लांब उभे राहून आढ्याची रेघ पाहावी. ती मध्ये खचलेली दिसली तर दोष लाकडात आहे. मग माळ्यावर चढून वाशांची भिंतीत गेलेली टोके आणि वळचणीकडची टोके तपासावीत, कारण लाकूड आधी तिथेच कुजते. स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून सहज आत गेले तर तो वासा बाद समजावा. जमिनीवर पिवळसर भुसा पडत असेल तर भुंगा लागला आहे, आणि मातीच्या बारीक वाटा दिसल्या तर वाळवी. वाळवी असेल तर नुसते वासे बदलून भागत नाही, भिंत व जमिनीचाही बंदोबस्त करावा लागतो. कौलाची परीक्षा सोपी आहे. बोटाने टिचकी मारल्यावर खणखणीत आवाज आला तर कौल चांगले; बद्द आवाज आला तर तडा गेला आहे किंवा भाजणी कच्ची आहे. नवे कौल घेताना एक कोरडे वजन करावे, दिवसभर पाण्यात ठेवून पुन्हा वजन करावे. तीन किलोचे कौल अर्ध्या किलोहून जास्त पाणी प्यायले तर तो माल घेऊ नये.

आपला भाग दोन तऱ्हेच्या छपरांच्या सीमेवर आहे. पूर्वेला बैलहोंगल, अथणीकडे पाऊस कमी, तिकडे मातीची माळवदे. पश्चिमेला खानापूरकडे पाऊस मोठा, तिकडे उतरती छपरे आणि त्यांवर पूर्वी गवत किंवा कुंभाराची नळीची कौले. नळीचे कौल वाऱ्याने, माकडांनी सरकते. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला आणि साच्यात दाबून केलेले, खाचांनी एकमेकांत अडकणारे कौल मिळू लागले. ते सहसा सरकत नाही. जुनी कौले उतरवली की त्यांवर कारखान्याचे नाव उठवलेले दिसते, आणि एकाच छपरावर तीन-चार नावे सापडतात. इथे एक व्यवहाराची गोष्ट आहे. प्रत्येक कारखान्याच्या साच्यात थोडा फरक असतो, त्यामुळे मिसळलेली कौले नीट बसत नाहीत आणि फट राहून गळते. उतरवलेली कौले नावाप्रमाणे वेगळी रचावीत आणि एका पाख्यावर एकाच कारखान्याची चढवावीत. एवढ्यानेच गळती थांबल्याची घरे आम्ही पाहिली आहेत.

आता स्लॅबचा विचार. मंगळुरी कौल अडीच ते तीन किलोचे, आणि एका ब्रासला म्हणजे १०० चौरस फुटांना दीडशेच्या आसपास कौले लागतात. लाकूड धरूनही ब्रासमागे वजन एक टनाच्या आतच राहते. पाच इंची स्लॅब ब्रासला सुमारे तीन टन भरतो, वरचा गिलावा वेगळा. मातीची भिंत दोन फूट रुंद असली तरी ती हा भार घेण्यासाठी बांधलेली नसते. म्हणजे स्लॅब टाकायचा तर पायापासून खांब उभे करायला हवेत, आणि तो खर्च नव्या घराचाच होतो. शिवाय गल्लीतल्या घरांची भिंत पुष्कळदा सामाईक असते. शेजाऱ्याच्या तुळया त्याच भिंतीवर टेकलेल्या असतात. इंजिनिअरने भिंत पाहिल्याशिवाय आणि शेजाऱ्याशी बोलल्याशिवाय कोणी "चालतंय" म्हटले म्हणून पुढे जाऊ नये. पत्रा स्वस्त आणि हलका, पण उन्हाळ्यात घर तापते आणि पावसात बोललेले ऐकू येत नाही.

खरी अडचण पुष्कळदा छपरावर नसून कागदावर असते. उतारा आजोबांच्या नावावर, एक भाऊ घरात, दुसरा पुण्यात, तिसरा बंगळूरला, बहिणी सासरी. बँक घर तारण घेऊन कर्ज देणार असेल तर सर्व हक्कदारांच्या सह्या मागते, आणि ते योग्यच आहे. वारसा नोंद आधी करून घ्यावी. तिला लागणारा वेळ सुताराच्या कामापेक्षा जास्त असतो. घरात राहणाऱ्या भावाने स्वतःच्या पैशाने छप्पर केले आणि पुढे वाटणीची वेळ आली की "तू राहत होतास, तू केलेस" हे वाक्य हमखास येते. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी कोणी किती घालायचे आणि वाटणीत ते कसे धरायचे, हे लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. बहिणींच्याही. त्यांचा हक्क भावांइतकाच आहे. खर्चासाठी वेगळे बचत खाते उघडून सर्व देणी त्यातूनच द्यावीत, म्हणजे हिशेब पासबुकातच राहतो. दुरुस्तीच्या कर्जावरील व्याजाची वजावट जुन्या करप्रणालीत राहत्या घराला वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतच मिळते. दोन लाखांची मर्यादा घर खरेदी किंवा बांधणीची आहे. नव्या करप्रणालीत राहत्या घराला ही वजावट नाही. छपराचा प्रकार बदलणार असाल तर महानगरपालिकेत, आणि कॅम्प भागात कॅन्टोन्मेंट बोर्डात, आधी चौकशी करावी.

काम दिवाळीनंतर काढावे, तोवर भिंती वाळलेल्या असतात. वळवाचा पाऊस एप्रिलमध्येही गाठतो, म्हणून महाशिवरात्रीपर्यंत कौले चढलेली बरी. एका वेळी एकच पाखे उघडावे. सगळे छप्पर एकदम उतरवले तर घर राहण्याजोगे राहत नाही आणि अवकाळी पावसात मातीच्या भिंती भिजतात. कौले आडवी न रचता उभी टेकवून रचावीत. चांगले सागवान परवडत नसेल तर लोखंडी चौकोनी पाइपचे वासे चालतात, पण वेल्डिंगच्या जागा घासून रेड ऑक्साइडचे दोन हात वर चढवण्याआधीच द्यावेत. वर गेल्यावर खालची बाजू कोणी रंगवत नाही. रिपांमधील अंतर ठरीव मापाने न घेता तुमचीच दहा-बारा कौले जमिनीवर अडकवून मोजावे. सुताराला पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत, आणि पहिला मोठा पाऊस होऊन जाईपर्यंत शेवटची दहा टक्के रक्कम ठेवून घ्यायचे बोलणे कामाआधीच करावे.