धागा : चांदबिबी महालात चांदबिबी नाही

नगरच्या माणसाला पाहुणा आला की तो त्याला दोन ठिकाणी नेतो. एक भुईकोट किल्ला, दुसरा चांदबिबी महाल. पाथर्डीच्या वाटेवर, शाह डोंगराच्या माथ्यावर उभी असलेली ती आठकोनी, तीन मजली दगडी वास्तू शाळेच्या सहलीत मीही पाहिली आणि पुढे कित्येक वर्षे इतरांना अभिमानाने दाखवलीही. तळघरात कबरी कशासाठी, हा प्रश्न मात्र त्या वयात पडला नाही.

तो महाल नव्हे, ती कबर आहे. आणि ती चांदबिबीची नाही. मुर्तझा निजामशाहाचा मंत्री सलाबतखान याने स्वतःसाठी उभारलेली ती वास्तू. चांदबिबीने मोगलांशी झुंज दिली त्याच्या काही वर्षे आधीच तो मरण पावला होता. लोकांनी मंत्र्याला विसरून इमारत आपल्या लाडक्या सुलतानाच्या नावे केली. हा प्रमाद मला गोड वाटतो, हे कबूल करतो.

परंतु आजचा धागा चांदबिबीवर नाही. तिच्या आईवर आहे. नगरकरांपैकी फार थोड्यांना तिचे नाव ठाऊक असेल : खुंजा हुमायून.

ती पहिल्या हुसेन निजामशाहाची राणी. जानेवारी १५६५मध्ये दख्खनच्या सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगरच्या रामरायाचा पराभव केला, त्या तालिकोटच्या (आपल्याकडच्या बखरींतील राक्षसतागडीच्या) युद्धातील हा एक प्रमुख सुलतान. या युतीसाठीच चांदबिबीचा विवाह विजापूरच्या अली आदिलशाहाशी झाला आणि आंदण म्हणून सोलापूरचा किल्ला दिला गेला. म्हणजे सोलापूर हे एकेकाळी नगरच्या लेकीचे आंदण होते! सोलापूरकर मित्रांनी रागावू नये.

त्याच वर्षी हुसेन वारला. मुलगा मुर्तझा अल्पवयीन. तेव्हा कारभार खुंजा हुमायूनच्या हाती आला. पतीच्या पश्चात काही वर्षे नगरची सत्ता एका स्त्रीने चालवली, तीही चांदबिबीच्या कितीतरी आधी.

याच सुमारास दरबारात आफताबी नावाचा कवी ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे फारसी काव्य रचत होता. हुसेनची स्तुती, तालिकोटचे युद्ध आणि राणीच्या सौंदर्याचे वर्णन असे त्याचे विषय. काव्यासोबत चित्रेही काढवून घेतली होती. त्यांतील बारा आज उरली आहेत. निजामशाही चित्रकलेचा उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना नमुना.

ही चित्रे नीट पाहिली तर काहीतरी खटकते. राजा सिंहासनावर बसला आहे, सेवक उभे आहेत, रंग ताजे आहेत. आणि राजाच्या शेजारी मात्र एक डाग. चित्रामागून चित्र तेच. एका चित्रात राणी राजाच्या मांडीवर बसलेली होती. तिथे आता केवळ तिच्या आकाराची बिघडलेली जागा आहे. कालौघात रंग असा एकाच व्यक्तीपुरता उडत नाही. कोणीतरी मुद्दाम तिला पुसले आहे.

कारण दरबाराच्या इतिहासात सापडते. आपल्या भावांना व नातलगांना जहागिऱ्या वाटल्याचा ठपका खुंजावर आला, सरदार बिथरले, आणि काही वर्षांतच मुर्तझाने स्वतःच्या आईला कैदेत टाकले. त्यानंतर राजग्रंथात तिचे रूप असणे गैरसोयीचे झाले असावे, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. आरोप खोटा होता असे मी म्हणत नाही. पण नातलगांना जहागिरी देणारे सुलतान दख्खनमध्ये कमी का झाले? त्यांची चित्रे कोणी पुसल्याचे ऐकिवात नाही.

लेकीचा शेवटही सुखाचा नव्हता. १५९५-९६च्या वेढ्यात चांदबिबीने शाहजादा मुरादला रोखले, वऱ्हाड देऊन किल्ला राखला. आणि १६००मध्ये, ती मोगलांना फितूर झाल्याच्या संशयावरून, नगरच्याच लोकांनी तिचा खून केला. त्यानंतर थोड्याच काळात किल्ला पडला.

‘तारीफ’चे ते हस्तलिखित आज नगरमध्ये नाही. राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१० साली पुण्यात स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात ते आहे. त्यातले एक चित्र पुसणाऱ्याच्या हातून सुटले आहे. संस्कृत काव्यांत सुंदर स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलते असा जो दोहदाचा संकेत आहे, त्याचे ते चित्र. निजामशाहीच्या फारसी ग्रंथात हा संकेत कसा आला, हा वेगळ्या धाग्याचा विषय. त्यात एक युवती वृक्षाला स्पर्श करीत उभी आहे, आणि तिचा चेहरा शाबूत आहे.