कराची : ऐकलेली आणि पाहिलेली

आपल्या सिनेगॉगच्या स्थापनेचा इतिहास या स्मरणिकेत जाणकार मंडळींनी लिहिलेला आहेच. मला संपादक मंडळाने 'वृद्धांचे आरोग्य' हा विषय सुचविला होता. परंतु रक्तदाब आणि साखर या विषयांवर तीस वर्षे बोलून माझे तोंड दुखले आहे आणि तुमचेही कान किटले असतील. म्हणून मंडळाची परवानगी घेऊन मी वेगळाच विषय घेतला आहे. तो ऐकून एक वडीलधारे सभासद म्हणाले, "बाई, पाकिस्तानशी आपला काय संबंध?" संबंध आहे, तो पुढे सांगते.

माझ्या आजीची धाकटी बहीण, आमची मावशीआजी, लग्न होऊन कराचीला गेली तेव्हा पाकिस्तान हे नावसुद्धा कोणी ऐकले नव्हते. सिंध प्रांत १८४७ पासून १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. त्यामुळे मुंबईहून आगबोटीत बसून कराचीला नोकरीला जाणे म्हणजे परदेशी जाणे नव्हते. रेल्वे, पोस्ट, लष्कर, कस्टम, म्युनिसिपालिटी, जिथे जिथे सरकारी पगार होता तिथे आपली कोकणातली 'कर' मंडळी पोहोचली. आपल्याआधी तेथे इतर मराठी माणसेही गेली होती. कराचीतील जुने नामांकित एन. जे. व्ही. हायस्कूल नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखले जाते आणि ते नाव आजपर्यंत कोणी बदललेले नाही.

रणछोड लाइन्स या वस्तीत आपल्या लोकांचे सिनेगॉग होते, 'मागेन शालोम'. म्युनिसिपालिटीत सर्व्हेअर असलेले सॉलोमन डेव्हिड यांनी ते १८९३ मध्ये स्वखर्चाने बांधले. १९१२ मध्ये त्यांच्या मुलांनी ते वाढविले. १९३६ मध्ये आपल्या समाजाचे अब्राहम रूबेन कराची म्युनिसिपल कॉर्पोरेशनवर निवडून आले. हे सर्व मी नंतर वाचले. मावशीआजीला यातले सन-साल काही ठाऊक नव्हते. तिला ठाऊक होती ट्राम, समुद्रावरचा वारा, कोळणी कुठल्या कोपऱ्यावर बसत ते, आणि सणाच्या दिवशी सिनेगॉगच्या पायऱ्यांवर होणारी चपलांची गर्दी. १९४६ साली तिने 'अनमोल घडी' हा नूरजहाँचा सिनेमा कराचीतच पाहिला. फाळणीनंतर नूरजहाँ मुंबईहून तिकडे गेली आणि १९४९ साली मावशीआजी तिकडून मुंबईला आली. ती म्हणायची, "तिची आणि माझी बोट मधे समुद्रात भेटली असेल." सालांचा मेळ बसत नाही, पण तिला ते सांगून काय उपयोग?

बरोबर तिने एक पेटी, दोन तांब्याचे हंडे आणि नवऱ्याचा सर्व्हिस बुक आणला. घर कुलूप लावून आणले होते, किल्लीही होती. ती किल्ली भायखळ्याच्या आमच्या चाळीत दिव्याच्या कोनाड्यात कैक वर्षे होती.

आता पाकिस्तानी करमणुकीकडे येते. ट्रेनिंगच्या काळात आम्ही मुली नर्सेस होस्टेलवर राहत होतो. १९८० मध्ये 'कुर्बानी' आला आणि त्यातले 'आप जैसा कोई' कोणी गायले म्हणून चौकशी झाली, तेव्हा कळले की ही कराचीत जन्मलेली पंधरा वर्षांची मुलगी, नाझिया हसन. पुढल्याच वर्षी 'डिस्को दीवाने' आले आणि नाइट ड्यूटीहून परत आल्यावर झोप मिळेना, इतकी ती कॅसेट होस्टेलवर वाजत असे. नाझिया २००० साली फुप्फुसाच्या कर्करोगाने अवघ्या पस्तिसाव्या वर्षी लंडनमध्ये वारली. बातमी वाचली तेव्हा मी इथे, इस्रायलात, रात्रपाळीवर होते.

गाण्यांपाठोपाठ आल्या मालिका. पाकिस्तान टेलिव्हिजन सुरू झाले २६ नोव्हेंबर १९६४ रोजी लाहोरला. सुरुवातीपासून त्यांनी एक गोष्ट शहाणपणाची केली, ती म्हणजे नाटके लिहायला चांगले लेखक बोलावले. मालिका तेरा-चौदा भागांत संपे. आजच्यासारखी आजी मरून तिची नात आजी होईपर्यंत चालत नसे. १९७९-८० ची अमजद इस्लाम अमजद यांची 'वारिस' लागली की तिकडचे रस्ते ओस पडत. अमृतसरची माणसे उंच बांबूवर अँटेना लावून लाहोरचे कार्यक्रम पाहत, आणि १९७३ मध्ये अमृतसरला दूरदर्शन आल्यावर लाहोरची माणसे तेच उलट दिशेने करू लागली. १९६५ च्या युद्धानंतर तिकडे आपले सिनेमे बंद झाले होते, तेव्हा त्यांची भूक समजू शकते.

मुंबईत अँटेनाने काही दिसणे शक्य नव्हते. आमच्याकडे आल्या व्हिडिओ कॅसेट. शनिवार संपला की व्हीसीआर भाड्याने आणायचा, चाळीतल्या पाच-सहा बिऱ्हाडांनी वर्गणी काढायची आणि रात्रभर पाहायचे. कॅसेट इतक्या वेळा कॉपी झालेल्या असत की माणसांच्या तोंडावर पाऊस पडतोय असे वाटे. तरी 'अनकही', 'तनहाइयाँ', 'धूप किनारे' ही नावे घराघरांत झाली. तिन्ही मालिका हसीना मोईन या बाईंनी लिहिलेल्या. त्यांचा जन्म कानपूरचा, १९४१ चा. त्या कराचीत वाढल्या, युनिव्हर्सिटीत इतिहास शिकल्या आणि २०२१ मध्ये तिथेच वारल्या. आपल्याकडच्या लोकांना त्यांचे नाव राज कपूर यांच्या 'हिना' चित्रपटाच्या संवादांमुळे माहीत असेल.

त्यांच्या मुली हसऱ्या आणि फटकळ असत. हे लक्षात घेण्यासारखे आहे, कारण तो काळ जनरल झिया यांचा होता. पडद्यावर बायकांनी डोक्यावर ओढणी घेतलीच पाहिजे असा हुकूम निघाला होता. मेहताब चन्ना या निवेदिकेने तो मानला नाही आणि कार्यक्रम सोडला. अशा दिवसांत हसीना मोईन यांच्या नायिका नोकरी करीत, चुका करीत आणि पुरुषांना उलटून बोलत. ओढणी सांभाळून जे काही बोलता येते ते सगळे त्या बोलत.

'धूप किनारे' १९८७ ची. तरुण डॉक्टर झोया आणि तिचे गंभीर वरिष्ठ डॉक्टर अहमर, म्हणजे मरीना खान आणि राहत काझमी. दिग्दर्शिका साहिरा काझमी ही आपल्या हिंदी सिनेमातील देखण्या श्याम यांची मुलगी. कथा हॉस्पिटलची असल्यामुळे आम्ही नर्सेस टपूनच बसलो होतो. आमचे मत असे पडले की डॉक्टरांची प्रेमप्रकरणे फार छान, पण त्या हॉस्पिटलात कोणी बेडपॅन देताना दिसत नाही. पेशंट आपोआप स्वच्छ राहतात! आमच्या सिस्टर-इन-चार्ज असत्या तर त्या झोयाला पहिल्याच दिवशी रडवले असते. असो. मालिका मात्र गोड होती. २०११ मध्ये भारतात 'कुछ तो लोग कहेंगे' या नावाने ती पुन्हा केली गेली, तिला ती सर आली नाही.

मावशीआजीला कथेत रस नव्हता. बाहेरचे दृश्य आले की ती खुर्ची पुढे ओढून म्हणायची, "पोरी, मधून बाजूला हो. मागचा रस्ता बघू दे." बहुतेक प्रसंग स्टुडिओतले, रस्ता असा कितीसा दिसणार? मोटार वळली, समुद्र दिसला की तिचे समाधान. "हा क्लिफ्टनचाच." ट्राम दिसेल म्हणून ती वाट पाहायची. कराचीची ट्राम १९७५ सालीच बंद झाली होती, हे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते.

'तनहाइयाँ' मात्र तिने कथा म्हणून पाहिली. आईवडील अपघातात जातात, कर्जापायी घर जाते आणि मोठी मुलगी ते घर परत मिळविण्याचा ध्यास घेते, अशी ती गोष्ट आहे. चाळीतल्या सर्व बायका त्या मुलीच्या बाजूने होत्या. मावशीआजी एकटी म्हणाली, "घर मिळेल गं. पण हाक मारली की ओ कोण देणार तिथे?" आणि त्या रात्री ती लवकर झोपायला गेली.

१९८८ च्या अखेरीस लंडनच्या नातेवाइकांचे पत्र आले. त्यात लिहिले होते की कराचीचे मागेन शालोम त्या वर्षी पाडले गेले आणि त्या जागी दुकानांची इमारत उठणार आहे. पत्र मी वाचले. आई म्हणाली, "तिला सांगू नकोस." मी नर्स, लोकांना याहून वाईट बातम्या शांतपणे सांगण्याचे शिक्षण घेतलेले. पण तिला सांगितले नाही. पुढल्या वर्षी पावसाळ्यात ती गेली. शेवटच्या आजारात तिने मला दोनदा विचारले, "तिथे आता कंदील कोण लावतं?" मी म्हटले, "लावतात कोणीतरी." हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

१९९० मध्ये आम्ही आलिया केली. सुरुवातीची वर्षे उल्पानमध्ये, मग कामात आणि मुलांत गेली. रामलेच्या भारतीय दुकानांतून हिंदी कॅसेट मिळत, पाकिस्तानी क्वचित. खरी खिडकी उघडली ती मी निवृत्त झाल्यावर, नातवाने यूट्यूब लावून दिले तेव्हा. 'हमसफर' (२०११) पाहिली. नायिका फार रडते, आणि मुलीच्या हृदयाचे ऑपरेशन आहे त्या घरात मोठी माणसे इतकी आरडाओरड करतात की मला उठून त्यांना वॉर्डाबाहेर काढावेसे वाटले. 'जिंदगी गुलजार है' (२०१२) मला जास्त आवडली. तीत शिक्षिका आई तीन मुलींना एकटीने वाढवते आणि रडत नाही. भारतात या मालिका २०१४ पासून 'जिंदगी' वाहिनीवर लागत, त्या २०१६ मध्ये बंद झाल्या. २०२५ मध्ये तिकडच्या वाहिन्यांचे यूट्यूबही भारतात अडविले गेले, तेव्हा ठाण्याची माझी बहीण मला फोन करून पुढची गोष्ट विचारू लागली. इस्रायलातून मी तिला पाकिस्तानी मालिका सांगते, यात काय समजायचे ते समजा.

मालिकांतून संसार कळतो. मुलगी पाहायला पाहुणे येणार म्हणून चहाची ट्रॉली निघते, तिच्यावर सामोसे आणि केक. लग्नाआधी मेंदी आणि ढोलकी असते, बायका फेर धरून गातात. आपल्याकडच्या मेंदीच्या रात्रीचे फोटो बाजूला ठेवा, फरक शोधावा लागेल. वीज जाते, पंखा थांबतो, सगळे गच्चीवर येतात. बर्न्स रोडवर निहारी खातात. रंगीत बसगाड्यांवर मोर, फुले आणि झालरी असतात. त्यांतल्या डब्ल्यू-११ या मार्गाची बस तर इतकी गाजली की २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराने आपली एक ट्राम तशीच सजविली. म्हणजे कराचीची ट्राम गेली आणि दुसऱ्याच खंडात रंगून उगवली. मावशीआजीला हे आवडले असते.

माझ्या व्यवसायामुळे दोन-तीन माणसे मला नटनट्यांपेक्षा मोठी वाटतात. अब्दुल सत्तार ईधी काठियावाडातील बांटव्याहून फाळणीच्या वेळी कराचीला गेले आणि मीठादर भागात छोटा दवाखाना काढून बसले. पुढे त्यांच्या रुग्णवाहिका देशभर झाल्या. त्यांची पत्नी बिल्किस त्याच दवाखान्यात नर्स होती, त्यांचे लग्न १९६६ चे. केंद्रांच्या दाराबाहेर पाळणा ठेवलेला असे. नको असलेले मूल मारू नका, इथे ठेवून जा, कोणी काही विचारणार नाही. ईधी २०१६ मध्ये गेले, बिल्किस २०२२ मध्ये. तिसऱ्या जर्मनीच्या डॉ. रूथ फाउ. १९६० मध्ये त्या भारतात यायला निघाल्या होत्या, व्हिसाच्या घोळामुळे कराचीत अडकल्या आणि तिथल्या कुष्ठरोग्यांत आयुष्यभर राहिल्या. २०१७ मध्ये त्यांना शासकीय इतमामाने निरोप दिला गेला.

पाकिस्तानच्या पासपोर्टवर छापलेले असते की तो इस्रायल सोडून सर्व देशांसाठी वैध आहे. आपल्या पासपोर्टवर तसे काही लिहिलेले नाही, तरी तिकडे जाणे आपल्या नशिबी नाही. म्हणून मी फिरते ते यूट्यूबवरच. तिकडची तरुण मुले मोटारसायकलला कॅमेरा बांधून गल्ल्यांतून हिंडतात आणि ते चित्रीकरण टाकतात. रणछोड लाइन्सचे असे एक मी कितीदा तरी थांबवून पाहिले. तारांचे जाळे, लोखंडी गॅलऱ्या, फळांच्या गाड्या. एका गॅलरीत म्हातारी बाई खुर्चीवर बसून खाली पाहत होती. मेवाशाह दफनभूमीतील आपल्या कबरीही कोणी दाखविल्या आहेत. झाडी वाढली आहे, पण सॉलोमन डेव्हिड यांची १९०२ सालची कबर शाबूत आहे.

किल्ली मी येताना बरोबर आणली, ती माझ्याकडे आहे. समाजातील ज्या कुटुंबांत कराचीचे फोटो, पत्रे, लग्नाचा केतुबा किंवा सिनेगॉगची वर्गणीची पावती असेल, त्यांनी कृपया ती शब्बाथ संपल्यावर सेक्रेटरींकडे दाखवायला आणावी. प्रत काढून मूळ कागद त्याच वेळी परत केला जाईल. विशेषतः आतील भागाचा फोटो कोणाकडे असल्यास मला जरूर कळवावे. तिथले कंदील कसे होते ते मला पाहायचे आहे.