टाइलरंगकाम
भिंतीवरच्या जुन्या चिनीमातीच्या टाइल न उखडता त्यांवर रंग चढवण्याचे घरगुती काम. झिलई काचेसारखी अशोषक असल्याने साधा ऑइलपेंट तिच्यावर धरत नाही, पापुद्रे सुटतात. म्हणून आधी धुण्याच्या सोड्याने तेलकटपणा काढतात, २२० नंबरच्या पॉलिशपेपरने चकाकी मारतात, मग पकड देणारा प्रायमर आणि दोन घटकांचा इपॉक्सी रंग पातळ हातांनी देतात. धरमतर खाडीच्या मुखावरील रेवससारख्या गावी खरी डोकेदुखी खाऱ्या, दमट हवेची. टाइलवर बसलेला क्षार गोड्या पाण्याने पुसला नाही किंवा सांध्यांत ओल राहिली, की रंगाला फुगे येतात. तेव्हा हे काम पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या आगेमागेच काढावे. रंग हाताला लवकर सुकतो. पक्का व्हायला मात्र आठवडाभर लागतो. न्हाणीच्या जमिनीवर तो फारसा टिकत नाही. तिथे टाइल बदललेलीच बरी.